छत्तीस चिंचोके

निपाणीत, वखारीमागच्या गल्लीत,
धारवाडच्या मॅडमनी खडूनं तीन गोल काढले
आणि मला म्हणाल्या, सांग यांना.
फॉर्म कन्नडात, बायका मराठीत, मी मध्ये,
दिवसाचे अडीचशे रुपये आणि एक वेळचा चहा.

खालच्या गोलाचं नाव होतं 'बडवरू'.
गरीब म्हणायचं सोडून मी ते तसंच वाचलं
आणि आक्काताई सुपात पान कापता कापता म्हणाली,
"कुणी बडवलं गे? नाव सांग त्याचं."
तिला कन्नड येतं बाजारापुरतं. मुद्दामच म्हणाली.
गल्ली हसली. मॅडमही हसल्या, कळल्यासारख्या.

छत्तीस घरं, छत्तीस चिंचोके.
हुसेनबीनं डब्यातून मोजून दिले,
मोजून परत घेईन म्हणाली.

सुरुवात मॅडमना हवी तशीच झाली,
पत्रा, कौल, स्लॅब, गाडी, टाकी.
मग बाळाबाईनं स्लॅबवाल्या इराप्पाचा चिंचोका
बोटानं ढकलत आणला खाली.
"जेवायच्या वेळेला गेलं तर
भांड्यावर परात पालथी घालत्यात.
एवढं झाकाय लागतंय म्हणजे
असून असून काय असणार आत?"

चंपाला तर घरच नाही, भावाच्या पडवीत असते.
"खरं तिच्या विड्यांत छाट निघत न्हाई.
दिवाणजीला तोंडावर म्हणती, हे पान कुजकं, बदला.
आणि त्यो बदलतोय."
चंपा मधल्या गोलात गेली,
तिथून आणखी वीतभर वर.

कुणीतरी म्हणालं, मयताला निघताना
ज्याला आधी हजार विड्या आठवतात
त्यो खालचा.
हे मला कन्नडात नीट सांगता आलं नाही.
मॅडमनी लिहिलं: रजा नाही.

दुपारी वाद झाला, दोन शिव्याही झाल्या.
शेवंताबाईनं स्वतःचा चिंचोका स्वतःच उचलला.
"मला खाली घालू नका गे,
पोराला बघाय येवलेत मंगळवारी."
कुणी काही बोललं नाही. वर ठेवला.
मंगळवारपर्यंत, हे न म्हणता.

शेवटी एक उरला. आमचा.
मी म्हणाले, खालीच घाला की,
खोकून खोकून बाप खाटेवर,
पावसात कुठलं भांडं कुठं ठेवतो आम्ही
तुम्हाला पाठ आहे.
आक्काताईनं तो वरच्या गोलात, अगदी मधोमध ठेवला.
"दवाखान्याचा कागद कन्नडात, रेशनचा कन्नडात,
कोर्टाचा तर हातात धरायची भीती.
ते घेऊन दारोदार फिरतोय आम्ही,
आपल्या पोटातलं दुखणं
परक्याच्या तोंडानं ऐकून घेतोय.
तुझ्या आईला जागचं उठायबी लागत न्हाई.
ती श्रीमंत न्हाई तर कोण?"

मग कात्री चालवत, वर न बघता,
"ही लगीन होऊन गेली की उचला त्यो."

काय म्हणाल्या त्या, मॅडमनी विचारलं.
मी म्हणाले, शिक्षण महत्त्वाचं आहे, म्हणतात.

संध्याकाळी शेळ्या गेल्या गोलांवरून.
मॅडमची जीप गेली.
हुसेनबीनं चिंचोके मोजले, पस्तीस.
पुन्हा मोजले, पस्तीस.
जाऊ दे म्हणेल असं वाटलं होतं,
खरं ती वाकली आणि गटारीच्या कडेपर्यंत शोधत गेली.
मीही वाकले तिच्याबरोबर,
शोधत राहिले अंधार पडेपर्यंत,
एका हातानं.